सूर्याबद्दलची सहा पानं

११ मे २०२४, शनिवार, अहेरी

आज तीन शेतं मोजली आणि तिन्ही वेळा डोकं फिरलं.

आईचा गावाकडून, मूलहून फोन आला. "तू नेमका करतं काय रे तिथी?" हे तिनं पाचव्यांदा विचारलं. पाचव्यांदा सांगितलं, की जंगलात लोक पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतात, तिचा पट्टा मिळावा म्हणून त्यांनी सरकारकडे दावे टाकलेत, आणि आमची संस्था ती शेतं मोजून देते. हातात जीपीएसची मशीन धरायची, शेताच्या कडेकडेनं चालायचं. उपग्रहांवरून मशीनला कळतं आपण कुठे आहोत, आणि मागे रेघ उमटत जाते. रेघ पुरी झाली की नकाशा तयार. आई म्हणाली, "म्हणजे बी.एस्सी. करून फिरतच राह्यला ना."

सकाळी सात-साडेसातला सुरुवात. आधी पोचूभाऊंचं शेत. ते गावच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, म्हणून पहिला मान. मग त्यांच्या भावाचं. शेवटी सुगंधाबाईंचं, तेव्हा दहा वाजून गेले होते आणि डोक्यावर आग. बाई साठीच्या, पण चालतात अशा की मी मागे धापा टाकतोय. पुढे त्या, मध्ये मी, मागे पाण्याची बाटली घेऊन त्यांची सून रीना. मशीन आज सकाळपासून रुसलेली. एरवी दहा-बारा उपग्रह दिसतात, आज सहावरच अडकली. माझे डोळे सगळा वेळ तिच्या पडद्यावर.

दक्षिणेच्या कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड आहे. तिथे बाईंनी मध्येच चप्पल काढून हातात घेतली आणि झाडाला लांबून वळसा घालून पुढे गेल्या. काटा रुतला असणार. मी थांबलो तर म्हणाल्या, "चाल ना बाबू, कायले थांबते?" म्हणून चाललो. परतताना मोटारसायकल पंक्चर. आजचा दिवसच वाईट.

१२ मे, रविवार

दिवस वाईट नव्हता, सूर्य वाईट होता. मोबाईलवर सगळीकडे तेच आहे. काल पृथ्वीवर गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सूर्यवादळ आदळलं. लडाखचं आकाश लाल झालं. आणि मी शहाणा त्या वादळात मशीन हलवून बघत होतो, बॅटरी काढून फुंकर मारत होतो.

कॉलेजात मला सूर्याशिवाय काही सुचत नव्हतं. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि बाबा गेले, मग राहिलं ते राहिलं. आज मात्र सगळं आठवलं. पृथ्वीच्या पंधरापट रुंद डागांचा पुंजका, त्यातून एकामागून एक उडालेले चुंबकी ढग, आणि ते सगळे नेमके आपल्या दिशेनं. रीनाला मेसेजवर सगळं लिहिलं. तिनं अंगठा पाठवला.

२२ मे, बुधवार

उपविभागाच्या कचेरीतून सुगंधाबाईंचा दावा परत आला. पोचूभाऊ आणि त्यांच्या भावाचे दोन्ही नकाशे पास, एकट्या बाईंचा नाही.

कारण ऐकून डोकं सणकलं. जुन्या पंचनाम्यात दक्षिणेच्या कोपऱ्यात मोहाचं झाड आणि त्यापलीकडे दगडी बांध लिहिलेला आहे. माझ्या रेघेत तो कोपराच नाही. रेघ आत वळते, झाड आणि बांध दोन्ही शेताबाहेर. आणि बाई कायद्याच्या अटीप्रमाणे २००५च्या आधीपासून जमीन कसतात याचा पुरावा म्हणून तोच बांध लावलाय. पुरावाच शेतात नाही म्हटल्यावर दावा उभा राहतो कशावर? १२ जूनला कचेरीतल्या समितीची बैठक. तोवर पुराव्यासकट नकाशा द्या, नाहीतर दावा अमान्य. मागच्या वेळी अमान्य झाला तेव्हा अपिलात सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत बाईंचे मालक गेले. आता पुन्हा सात वर्षं म्हणजे बाईंच्या हयातीत पट्टा नाही, आणि तोपर्यंत उभ्या शेतातून कोणीही उठवू शकतं.

आणि चूक कोणाची, तर सूर्याची. हे मी सांगणार कोणाला?

२४ मे, शुक्रवार

काल बुद्धपौर्णिमा, कचेरी बंद. मूलला जाऊन विहारात वंदना केली, आईच्या हातची खीर खाल्ली आणि आज पहाटेच्या बसनं परत.

वामनरावांना भेटलो. दाव्यांच्या फायली तेच सांभाळतात. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट एका बैठकीत होऊ द्यायची नाही असा त्यांचा नियम असावा. आधी म्हणाले, आचारसंहिता आहे. म्हटलं, मतदान होऊन महिना झाला. म्हणाले, निकाल कुठी लागला? मग मी सूर्यवादळाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे सूर्यानं बाईचा कोपरा कापला म्हणता?"

"सूर्यानं मशीनचा सिग्नल बिघडवला. वर हवेत विजेचा थर असते, तो खळबळला. उपग्रहाचा सिग्नल त्यातून येतेवेळी चुकते."

"सूर्य तं रोज उगवते अश्विनभाऊ. मंग त्याच दिवशी काऊन?"

हा प्रश्न मात्र चांगला होता. म्हटलं, लिहून देतो. म्हणाले, नुसतं लिहून चालणार नाही, सूर्यावर स्फोट झाल्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडा. सूर्याचा सक्षम प्राधिकारी कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "तुमी शोधा ना, शिकेल माणूस तुमी."

२७ मे, सोमवार

तीन दिवस लिहितोय, सहा पानं झाली. वामनरावांना कळेल असं लिहायचं म्हणजे आधी मला नीट कळायला हवं.

त्याच दिवशी का? तर सूर्यावर स्फोट पुष्कळ होतात, पण बहुतेक भलतीकडे जातात. आणि गंमत म्हणजे ते सरळ रेषेत जात नाहीत. सूर्याच्या अंगावर सगळीकडे चुंबकी क्षेत्र आहे, कुठे दाट, कुठे विरळ. स्फोटाच्या ढगाचं स्वतःचं क्षेत्र असतं ते वेगळंच. शेजारी दाट क्षेत्र असलं की ढग त्याला खेटून जात नाही, ढकलला जातो, आणि जिकडे क्षेत्र कमजोर तिकडे वळतो. धानाच्या बांधीतलं पाणी बांधाला अडून फुटक्या जागेकडे जातं, तसंच. कधी कधी पृथ्वीकडे तोंड करून निघालेला ढग वळून बाजूनं जातो, आणि कडेला उडालेला वळून आपल्यावर येतो. म्हणून नुसता स्फोट कुठे झाला ते बघून भागत नाही, त्याच्या बाजूला काय आहे ते बघावं लागतं. हे शेवटचं वाक्य मी खाली रेघ मारून लिहिलं.

पानं वाचून संस्थेचे सर म्हणाले, "मोजणी पुन्हा कर आणि मोकळा हो." ते मलाही कळतं. पण पुन्हा मोजलं की पहिली मोजणी चुकली म्हणून माझ्या नावावर शेरा, आणि आमचं कंत्राट वर्षावर्षानं चालतं. चूक माझी नसताना शेरा मी का घ्यायचा?

३० मे, गुरुवार

कचेरीत सहा पानं दिली. वामनरावांनी ती वजन केल्यासारखी हातावर तोलली आणि फायलीत लावली. वाचली नाहीत.

येताना एक गोष्ट डोक्यात शिरली आणि निघेना, म्हणून खोलीवर येऊन पोचूभाऊंचा नकाशा काढला. त्याच दिवशी, त्याच मशीननं केलेला. जुन्या पंचनाम्याशी तंतोतंत जुळतो. त्यांच्या भावाचाही. दोन-चार पावलांचा फरक, तेवढा तर नेहमीच असतो.

त्यांचं सकाळी लवकर मोजलं होतं. तेव्हा वादळाचा जोर कमी असेल. असणारच.

२ जून, रविवार

गावात गेलो. म्हटलं, शेरा तर शेरा, पुन्हा मोजून टाकू आणि सोबत सूर्याची पानंही जोडू. सुगंधाबाई अंगणात मोहाची फळं फोडत बसल्या होत्या. सांगितलं, कोपरा सुटलाय, परत चालावं लागेल.

"एकदा मोजलं नाई का?"

"मोजलं, पण चुकलं बाई. सूर्यामुळं."

त्यांनी फळं फोडणं थांबवलं नाही, पण ऐकत होत्या. मी सगळं सांगितलं, आग उडते ती सरळ येत नाही, वळून जाते.

"मंग त्या आगीले वळवते कोण?"

"बाजूचं क्षेत्र. ते डोयानं दिसत नाई, पण तिथी असते. आग त्याच्यावरून जाऊ शकत नाई."

बाईंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "असते तसं," आणि टोपली उचलून आत गेल्या. परत आल्याच नाहीत. रीना म्हणाली, "सर, आत्या नाई म्हणते. मोजलं तेवढंच राहू दे म्हणते." सासूला ती आत्या म्हणते.

बावीस किलोमीटर ऊन खात जायचं आणि हे ऐकायचं. ज्यांच्यासाठी मी कचेरीत हसं करून घेतोय त्यांनाच काही पडलेली नाही. दहा दिवस उरलेत. पाऊस लागला की वाटेतला नाला ओलांडता येणार नाही, तेही आहे. राहू दे म्हणे.

६ जून, गुरुवार

निकाल लागला, आचारसंहिता संपली, वामनराव आता नवं कारण शोधतील म्हणून गेलो तर त्यांनी कॉम्प्युटरवर माझी रेघच उघडून ठेवलेली.

"अश्विनभाऊ, तुमची सहा पानं वाचली बरं का मी. बायकोलेही वाचून दाखवली. पण एक सांगा. सूर्य येवढा मोठा, आन त्यानं एकच कोपरा पकडला? बाकीचे तीन कोपरे तं सुतात हायेत."

मी चिडून काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी मान वर केली होती.

खोलीवर आलो आणि रेघ मोठी करून बघितली. सिग्नल चुकला की रेघ कशी येते ते मला माहीत आहे, दारुड्यासारखी, इकडे एक ठिपका तिकडे एक. ही तशी नाही. बाकी सगळी सरळ, आणि त्या कोपऱ्यात गोल. सुबक गोल, जसा कोणी मोहाच्या बुंध्याला दोरी बांधून फिरवलाय. मग वादळाच्या वेळा बघितल्या. जोर सगळ्यात जास्त होता तो सकाळी आठच्या सुमाराला. तेव्हा मी पोचूभाऊंच्या शेतात होतो, जिथली रेघ तंतोतंत आहे.

मग ही वही मागे चाळली. अकरा मे. चप्पल काढून हातात घेतली, लांबून वळसा घातला. काटा रुतला असणार, असं माझ्याच अक्षरात आहे. काटा रुतला तर माणूस काटा काढायला खाली बसतं. दोन्ही चपला कशाला काढेल?

सव्वीस दिवस मी सूर्याकडे बघतोय. स्वतःचा इतका राग याआधी आला नव्हता.

८ जून, शनिवार

गेलो. मशीन मुद्दाम नेली नाही. रीना, बाई आणि मी, तिघंच.

"बाई, त्या मोहापाशी काय आहे?" एवढंच विचारलं.

रीना आत जायला उठली तर बाईंनी हातानं तिला बसवलं.

"तिथी माही पहिली पोरगी हाये," त्या म्हणाल्या. "तीन महिन्याची होती. दूध पेतं लेकरू गेलं का आमच्यात मोहाखाली ठेवतेत. मोहाले दूध असते. मोह पाजते त्याले."

मी उगाच विचारलं, की मग त्या दिवशी सांगितलं का नाही, सांगितलं असतं तर मी झाडाच्या पलीकडून रेघ नेली असती.

"म्हनूनच नाई सांगतलं. माह्या सासऱ्याच्या वक्ती साहेब लोकं आले होते. नाल्यापलीकडची जमीन मोजली, चार कोपऱ्याले खुंटे गाडले. मोजून झाली आन गेली. जे मोजलं थे गेलं बाबू. बाकीची मोजली तं मोजली. थेवढी जागा मले नाई मोजू द्याची होती."

रीना हे पहिल्यांदाच ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तीच बोलली शेवटी, मला जमलं नसतं. "आत्या, आता उलटं हाये. रेघेच्या बाहेर राह्यली तं ते जागा जंगलखात्याची झाली. उद्या तिथी रोपं लावाले खड्डे खंदतीन. मंग काय करशीन?"

बाई उठून शेताच्या दिशेनं तोंड करून उभ्या राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या सकाऊन ये. पण कागदावर तिचं काई नाई लिहाचं. कारन म्हणूनही नाई."

हो म्हटलं.

९ जून, रविवार

मोजली. उपग्रह अकरा दिसत होते.

कोपऱ्यापाशी त्यांनी चप्पल काढली. मी बूट काढले, रीनानंही चपला काढल्या. जमीन तापलेली. बाईंनी मशीन माझ्या हातातून घेतली, मी तिची दोरी त्यांच्या मनगटाला अडकवून दिली. झाड आणि दगडी बांध दोन्ही आत घेत त्या बांधाच्या पलीकडच्या कडेनं चालल्या, आणि झाडासमोर मध्येच थांबल्या. मी नेहमी म्हणतो तसं, चला बाई, उन्हानं बॅटरी जाते, ते आज म्हटलं नाही. मग त्या चालू लागल्या आणि उरलेली रेघ पुरी झाली.

माझ्या डाव्या तळव्यात खरोखरचा काटा रुतलाय. अजून निघाला नाही.

११ जून, मंगळवार

उद्या बैठक. नकाशा घेऊन कचेरीत गेलो. झाड आत, बांध आत, चारही कोपरे जुन्या पंचनाम्याशी जुळतात. वामनरावांनी दोनदा ताडून बघितलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. दोन मोजण्यांतील फरकाचे कारण, आणि खाली तीन ओळींची जागा.

"लिवा सूर्य," ते म्हणाले. "तुमची पानं साहेबायनं वाचली. त्यायले पटलं म्हणते. दाखल्याचीही गरज नाई म्हणाले."

महिनाभर डोकं आपटलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि नको तेव्हा सगळ्यांना पटलं. मी हसलोच. लिहिलं असतं तर शेरा नाही, कंत्राट शाबूत, वर साहेबांकडून शाबासकी.

विचारलं, "सूर्य लिवला तं पोचूभाऊचं काय? त्याच दिवशी मोजलेलं."

"मंग ते दोन्ही रद्द होतीन. पुन्हा मोजा लागन. पावसाळ्यानंतर."

पोचूभाऊंचं शेत सूर्य ऐन भरात असताना मोजलेलं, आणि सुतात आहे. ते बिघडलेलं नाही आणि हेही सूर्यानं बिघडवलं नाही. पेन घेतलं आणि लिहिलं, मोजणी करणाऱ्याचे मशीनकडे लक्ष, जागेकडे दुर्लक्ष. खाली सही, नाव, तारीख.

वामनरावांनी वाचलं. "नावावर शेरा लागन बरं."

"लागू द्या. आणि ती सहा पानं परत द्या."

त्यांनी फायलीतून टाचणी काढून पानं दिली, जरा नाराजीनंच. मग नकाशा कॉम्प्युटरवर चढवायला घेतला. रेघ ठिपक्याठिपक्यांनी पडद्यावर उमटत गेली, पूर्व, नाला, पश्चिम, मग दक्षिणेचा कोपरा. तिथे ठिपके एकाच जागी एकावर एक साचले होते, इतके की काळा डाग दिसत होता. मी मोजले नव्हते, पण मशीननं वेळ लिहिलेली असते. अकरा मिनिटं.

वामनरावांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इथी मशीन अडकली होती का?"

"हो," मी म्हटलं.